मातीवरचा वेग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवितेची चार पुस्तकं नावावर असलेला माणूस मोटारींच्या शर्यतीवर बोलायला आला, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण माझं बालपण मोटारींच्या खालीच गेलं. मिरजेत अब्बांचं दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी पाना हातात घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर पडून राहायचो. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगण्यात अब्बा तरबेज होते. मी मात्र बी.ए. झालो आणि शब्दांच्या नादी लागलो. ते म्हणायचे, ‘तू चांगला मेकॅनिक झाला असतास, पण तुला बिघाडापेक्षा बिघाडाचं वर्णन जास्त आवडतं.’

माझा भाचा पुण्याच्या कमिन्स कंपनीत इंजिनिअर. तिथून तो कंपनीच्या मुख्य गावी, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस इथे गेला. या कारखान्यामुळे तिथे बरीच मराठी घरं आहेत. गणपती बसतात, ईदला एकमेकांकडे शीरखुर्मा जातो. दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘मामू, चला, तुम्हाला मोटारींचा आखाडा दाखवतो.’ मला वाटलं, चेष्टा करतोय. पण कोकोमो नावाच्या गावी पोहोचलो तेव्हा कळलं, तो अगदी बरोबर शब्द होता.

पाव मैलाचा लंबगोल ट्रॅक आणि सगळी माती. डांबर नाही, सिमेंट नाही. टँकरने पाणी मारून चिकणमाती भिजवलेली, नंतर गाड्या फिरवून फिरवून ती दाबून बसवलेली. आपल्याकडे तालमीत लाल माती मळतात, तिची निगा राखतात, तशीच ही माती राखावी लागते. संध्याकाळी ती ओली आणि पकडीची असते. रात्र चढते तशी सुकते, गुळगुळीत होते आणि बाहेरच्या कडेला भुसभुशीत मातीचा एक बांध साचतो. चांगला चालक दर फेरीला माती वाचतो. आत्ता पकड खाली आहे की वर, ओल कुठे शिल्लक आहे, हे त्याला मागच्या चाकांतून, बसलेल्या जागेतून कळतं.

या ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला स्प्रिंट कार म्हणतात. अब्बा असते तर या गाडीभोवती तासभर फिरले असते. हिला स्टार्टर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्सही नाही. इंजिन थेट मागच्या धुरीला जोडलेलं. मग सुरू कशी करायची? तर आपल्या जुन्या जीपसारखी, धक्का मारून! मागून एक ट्रक येतो, बंपर टेकवतो, ढकलतो आणि गाडी गुरगुरत जागी होते. शर्यतीत गाडी गिरकी घेऊन बंद पडली, तर पुन्हा ट्रकची वाट पाहायची. वेग दाखवणारा काटाही नाही. त्याच्याकडे बघायला चालकाला वेळच नसतो.

वजन सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० एवढं. आणि इंजिन? आठ सिलिंडरचं, ४१० घनइंचांचं, म्हणजे सुमारे पावणेसात लिटरचं. ताकद नऊशे अश्वशक्तीच्या घरात. पेट्रोल नव्हे, मिथेनॉल जळतं. त्याची ज्वाला दिवसाउजेडी डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं. दोन्ही चाकं एकाच धुरीवर फिरतात, त्यामुळे मोठं चाक दर फेऱ्याला जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप डावीकडे ओढते. सगळी वळणं डावीकडेच असल्यामुळे हे सोयीचं पडतं.

पण खरी गंमत पुढे आहे. वळणावर मागची चाकं बाहेरच्या बाजूला घसरतात आणि चालक पुढची चाकं उजवीकडे धरतो. गाडी डावीकडे वळते आहे आणि स्टिअरिंग उजवीकडे! घसरणं म्हणजे आपल्याकडे अपघात. इथे घसरत जाणं हीच चाल. किती घसरायचं ते उजवा पाय ठरवतो. अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला तर गिरकी, थोडा कमी तर मागचा पुढे निघून जातो. चालकाच्या हेल्मेटच्या काचेवर पातळ प्लॅस्टिकचे पदर एकावर एक चढवलेले असतात. चिखलाने दिसेनासं झालं की एका हाताने वरचा पदर ओढून फेकायचा आणि दुसऱ्या हाताने गाडी सांभाळायची.

या गाड्या दोन तऱ्हेच्या. काहींच्या डोक्यावर मोठा चौकोनी पंख असतो. हवा त्याला खाली दाबते, म्हणून चाकं मातीला धरून राहतात. आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिल इथल्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर अशी गाडी सुमारे पंधरा सेकंदांत फेरी मारते. दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्यांना पंख नसतो. मी पाहिल्या त्या या दुसऱ्या. त्या जास्त घसरतात, जास्त उसळतात. आम्ही वळणाजवळ बसलो होतो. गाड्या गेल्या की मातीचे खडे आमच्या डोक्यावर आणि हातातल्या मक्याच्या लाह्यांत पडत. शेजारची म्हातारी बाई लाह्या झटकून शांतपणे खात होती. रोजचं असावं.

श्रोतेहो, आता या खेळात माणूस आयुष्य कसं काढतो, ते सांगतो. सुरुवात पाच-सहा वर्षांच्या वयात होते. मुलांसाठी खेळण्याएवढ्या छोट्या गाड्या असतात, त्यांच्या खऱ्या शर्यती होतात. मग मिजेट नावाची लहान चणीची गाडी, मग स्प्रिंट कार. बहुतेक घरांत बाप मेकॅनिक, आई हिशेब ठेवणारी आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस कुठल्यातरी ट्रॅकवर. एका रात्रीत आधी सराव, मग एकेकट्याने वेळ नोंदवणं, मग छोट्या प्राथमिक शर्यती, त्यात मागे पडलेल्यांसाठी आणखी एक संधी आणि शेवटी मुख्य शर्यत. ती साधारण तीस फेऱ्यांची. बक्षिसाचा ठरावीक हिस्सा चालकाला मिळतो, उरलेला गाडीच्या मालकाला. रात्री उशिरा सामान भरायचं, ट्रक काढायचा आणि दुसऱ्या राज्याकडे निघायचं. आपल्याकडे तमाशाचे फड जत्रांचा हंगाम धरून गावोगाव फिरतात, तसंच हे.

हे फिरस्तं जिणं १९७८ मध्ये टेड जॉन्सन या माणसाने एका मालिकेत बांधलं. तिचं नाव वर्ल्ड ऑफ आउटलॉज. पहिल्याच वर्षी तिचा विजेता ठरला इंडियानातला स्टीव्ह किन्सर. बापही मातीवर गाडी चालवणारा, आणि स्टीव्ह स्वतः शाळेत असताना कुस्ती खेळलेला. हे कळल्यावर मला भाच्याचा आखाडा हा शब्द पुन्हा आठवला. किन्सरने ही मालिका वीस वेळा जिंकली. नॉक्सव्हिलची राष्ट्रीय स्पर्धा, जी १९६१ पासून भरते आणि या खेळातली सर्वांत मानाची समजली जाते, ती बारा वेळा जिंकली. १९९७ मध्ये तो इंडियानापोलिस ५०० या जगप्रसिद्ध शर्यतीतही धावला. पण पोट आणि नाव दोन्ही मातीवर. २०१४ मध्ये, साठीला पोहोचल्यावर, त्याने पूर्ण वेळ फिरणं थांबवलं. मारिओ आंद्रेत्ती, ए. जे. फॉइट, जेफ गॉर्डन, टोनी स्टुअर्ट, काइल लार्सन हे डांबरावरचे मोठे चालकही आधी याच मातीत घसरायला शिकले.

पण त्या रात्री भाच्याने मला ज्याची गोष्ट सांगितली, तो किन्सर नव्हे. त्याचं नाव ब्रायन क्लॉसन.

ब्रायनचा जन्म १९८९ चा, कॅलिफोर्नियातला. लहानपण इंडियानातल्या नोबल्सव्हिल गावी गेलं. कोवळ्या वयातच तो छोट्या गाड्यांत बसला. विशीच्या आत असतानाच त्याला डांबरावरच्या मोठ्या दुनियेचं बोलावणं आलं. नॅस्कारच्या दुसऱ्या पायरीच्या मालिकेत तो धावला आणि २००८ मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर तिथल्या एका शर्यतीसाठी त्याने सर्वांत पुढची जागाही मिळवली. पण तिथे गुणांइतकाच पैसा लागतो, पाठीशी प्रायोजक लागतात. तो रस्ता पुढे गेला नाही आणि मुलगा मातीकडे परतला.

अशा वेळी माणूस खचतो. मी साहित्यात कितीतरी असे पाहिलेत. मुंबईत नाव झालं नाही म्हणून गावी परतलेले आणि मग गावातही न रमलेले. ब्रायन मात्र रमला. युसॅक नावाची जी संस्था मिजेट आणि स्प्रिंट गाड्यांच्या राष्ट्रीय मालिका भरवते, तिच्या मिजेट मालिकेत तो २०१० आणि २०११ मध्ये पहिला आला. २०१२ आणि २०१३ मध्ये स्प्रिंट कारची मालिका जिंकली. या संस्थेच्या राष्ट्रीय शर्यतींत मिळून त्याचे शंभराहून अधिक विजय झाले. आणि मातीवरच्या यशामुळेच इंडियानापोलिसचं दारही उघडलं. २०१२, २०१५ आणि २०१६ अशा तीन वर्षी तो त्या पाचशे मैलांच्या शर्यतीत धावला.

२०१६ ची शर्यत शंभरावी होती. तिकिटं संपलेली. ब्रायन अठ्ठाविसाव्या जागेवरून निघाला. मध्ये तीन फेऱ्या तो सर्वांच्या पुढे होता. शेवटी तेविसावा आला. आता कुणीही असता तर काय करता? पाचशे मैल गाडी चालवून अंग आंबलेलं. घरी गेला असता, पाय शेकत बसला असता. ब्रायन तिथून निघाला तो थेट कोकोमोला आला. मी बसलो होतो त्याच ट्रॅकवर. त्याच रात्री स्प्रिंट कारमध्ये बसला आणि शर्यत जिंकला.

भाचा म्हणाला, ‘मामू, इथली माणसं त्याचे तेवीस विसरलीत, पण ती रात्र विसरली नाहीत.’

त्या वर्षी त्याने एक पण केला होता. एका वर्षात दोनशे शर्यती! बावन्न आठवडे आणि दोनशे शर्यती, म्हणजे आठवड्याला जवळजवळ चार. ऑगस्टपर्यंत त्याने शंभरी ओलांडली होती. ६ ऑगस्टला तो कॅन्सस राज्यात बेलेव्हिलच्या ट्रॅकवर मिजेट गाडी चालवत होता. सर्वांच्या पुढे होता. एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडताना धडक झाली, त्याची गाडी उलटली आणि मागून येणारी दुसरी गाडी तिच्यावर आदळली. त्याला हेलिकॉप्टरने नेब्रास्कातल्या लिंकन शहरी रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय सत्तावीस. त्याचं लग्न ठरलेलं होतं.

या खेळात सुरक्षेचे उपाय नाहीत असं नाही. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. अंगाला घट्ट धरणारी खुर्ची, मान झटक्याने पुढे जाऊ नये म्हणून हेल्मेटला बांधलेला आधार, आगीत न पेटणारे कपडे. या उपायांनी अनेक जण उलटलेल्या गाडीतून बाहेर येऊन प्रेक्षकांना हात हलवताना दिसतात. तरीही उघड्या चाकांच्या गाड्या, अरुंद ट्रॅक आणि हा वेग यांचं गणित कधीतरी चुकतं. ब्रायन गेला त्याच आठवड्यात नॉक्सव्हिलची स्पर्धा झाली. ती लुइझियानाच्या जेसन जॉन्सनने जिंकली. २०१८ च्या जूनमध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका ट्रॅकवर अपघात होऊन तोही गेला. म्हणून मी तुम्हाला या वेगाचं नुसतं कौतुक सांगणार नाही. त्याची किंमत आहे, आणि ती घरच्यांनाही मोजावी लागते.

पण ब्रायनची गोष्ट मी इथे संपवली तर ती अर्धी राहील.

इंडियानात गाडीचं लायसन्स काढायला गेलं की खिडकीवरचा माणूस एक प्रश्न विचारतो, ‘अवयवदाता म्हणून नाव नोंदवायचं का?’ हो म्हटलं की लायसन्सवर छोट्या हृदयाचं चिन्ह येतं आणि ती नोंद कायद्याने संमती मानली जाते. ब्रायनचं नाव दात्यांत नोंदलेलं होतं. त्यामुळे त्या दोन दिवसांत त्याच्या माणसांना कशाचाही निर्णय करावा लागला नाही. त्यांनी फक्त त्याचा शब्द पाळला. त्याच्या अवयवांनी पाच माणसांचे प्राण वाचले. नंतर त्याच्या घरच्यांनी आणि तिथल्या अवयवदानाच्या संस्थेने मिळून ट्रॅक्सवर नोंदणीची मोहीम चालवली. २०१८ मध्ये इंडियानापोलिसच्या त्या भव्य मैदानाच्या आतच एक छोटा मातीचा ट्रॅक बांधून त्याच्या नावाची मिजेट शर्यत सुरू झाली. तिच्या नावात त्याची आद्याक्षरं आहेत आणि त्याच्या गाडीचा क्रमांक, एकोणचाळीस.

भाचा हे सांगत होता तेव्हा ट्रॅकवर दोन शर्यतींच्या मधली शांतता होती. टँकर पाणी मारत होता. ओल्या मातीचा वास आला, आपल्या पहिल्या पावसासारखा. आणि मला माझा धाकटा भाऊ आठवला.

श्रोतेहो, हे मी आजवर जाहीर बोललो नाही. तो मोटारसायकलवरून सांगलीहून मिरजेला येत होता. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. तीन दिवस रुग्णालयात होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदू थांबला आहे, आता श्वास फक्त यंत्राचा आहे. मग एक मुलगी आली, तिथली समुपदेशक. तिने हळू आवाजात अवयवदानाबद्दल विचारलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी घरातला थोरला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अम्मी म्हणाली, ‘त्याला काय हवं होतं?’ मला ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षं एका ताटात जेवलो, पण हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. कुणी म्हणालं, धर्मात चालत नाही. कुणी म्हणालं, चालतं. मी त्या मुलीला ‘नाही’ म्हणालो. ते नाही माझ्या भावाचं नव्हतं. ते माझ्या घाबरण्याचं होतं.

परत आल्यावर मी चौकशी केली. जेद्दा इथल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर अवयवदानाला मान्यता दिली आहे. आपल्याकडच्या विद्वानांत याबाबत दोन मतं आहेत, हेही खरं. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या माणसाला विचारावं. आपला कायदा १९९४ चा आहे. आपल्याकडे तुम्ही प्रतिज्ञापत्र भरलेलं असलं तरी प्रत्यक्ष वेळ आली की जवळच्या नातेवाइकांची संमती घेतात. म्हणजे इंडियानात जे एका चिन्हाने होतं, ते आपल्याकडे बोलण्याने व्हावं लागतं. खिशातलं कार्ड घरच्यांना माहीतच नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

मी फॉर्म भरला. पण त्याआधी एका रविवारी सगळ्यांना बसवलं. पत्नी, दोन्ही मुलं, सून. भावाचा मुलगाही आला होता. मी विषय काढला तेव्हा सून उठून चहा ठेवायला गेली, मोठा मुलगा मोबाइल बघू लागला. मरणाबद्दल बोलायला घरात कुणाला आवडतं? मग मी त्यांना शर्यतीची गोष्ट सांगितली. धक्का मारून सुरू होणारी गाडी, उलटं स्टिअरिंग, एका दिवसात पाचशे मैल आणि वर मातीवरच्या तीस फेऱ्या. हळूहळू सगळे सरकून जवळ आले. गोष्ट संपली तेव्हा भावाचा मुलगा म्हणाला, ‘चाचा, मला विचाराल तर माझं हो आहे. पण अब्बांचं काय असतं, ते मला आजही कळत नाही.’

कुणीच काही बोललं नाही. पत्नीने फॉर्म ओढून घेतला, वाचला आणि म्हणाली, ‘मला अजून विचार करायचाय.’ मी म्हटलं, कर. विचार करणं हेही उत्तरच आहे. निदान आता आम्हाला एकमेकांचे विचार ठाऊक आहेत.

भावाच्या मुलाने परवा नवी मोटारसायकल घेतली. घरी दाखवायला आणली तेव्हा हेल्मेट डोक्यात होतं आणि पट्टा हनुवटीखाली बांधलेला होता. मी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिन सुरू करायला सांगितलं आणि अब्बांसारखा कान देऊन आवाज ऐकला. आवाज अगदी स्वच्छ होता.